थांबा म्हणायची सोय

३ जून

प्रिय आत्या,

बाबा म्हणाले, फोनवर तुला आता निम्मंच ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तू अंदाजाने उत्तर देतेस. परवा मी म्हणाले, "बढती मिळाली." तू म्हणालीस, "पडलीस कशी? लागलं का फार?" म्हणून हे पत्र. मी पडलेले नाही. बढतीच मिळाली आहे.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला कृत्रिम पायांची कार्यशाळा आहे, जिथे मी नऊ वर्षं माणसांच्या पायांची मापं घेत होते. तिथली मी आता प्रमुख. जुने प्रमुख निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, "माणसं चांगली आहेत. फक्त एकमेकांशी बोलत नाहीत." मला वाटलं, थट्टा करताहेत.

आम्ही पाच जण. ओळीने तीन खोल्या. पहिल्या खोलीत साचेवाले काका. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा करायचा, तो घासूनपुसून नेमका आकार आणायचा, हे त्यांचं काम. दुसऱ्या खोलीत भट्टीवाला. तो प्लास्टिकचा पत्रा तापवून त्या साच्यावर चढवतो, म्हणजे पाय बसायची खोबण तयार होते. मग तिला खाली नळी आणि पाऊल जोडतो. तिसऱ्या खोलीत पट्टे शिवणाऱ्या ताई. त्यांना सगळे पट्टेवाली म्हणतात आणि नवीन आलेला माणूस दर वेळी त्यांना फाइल नेऊन द्यायला सांगतो. समोर, वऱ्हांड्याच्या पलीकडे, एक लांब खोली आहे. तिथे धरून चालायचे दोन दांडे आणि लाकडी पायऱ्या आहेत. तिथे लोकांना चालायला शिकवते ती मास्तरीण. आमच्यात वयाने सगळ्यात लहान आणि आवाजाने सगळ्यात मोठी.

खोल्यांच्या मधल्या भिंतींना खिडक्या आहेत. एकाचं झालं की पाय खिडकीतून पुढे सरकतो. माणसं सरकत नाहीत. काका सकाळी येतात ते प्लास्टरच्या खोलीत शिरतात आणि संध्याकाळी पांढरे होऊन बाहेर येतात.

दर तीन पायांमागे एक पाय परत येतो. कुणाला टोचतो, कुणाची कातडी सोलते. परत आलेल्या पायाकडे बघून काका म्हणतात भट्टी, भट्टीवाला म्हणतो साचा, आणि मास्तरीण म्हणते, "मला कोण विचारतंय." पट्टेवाली सुईत दोरा ओवत बसते.

तू बावीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलंस. पाच माणसं एका सुरात कशी चालवायची, ते मला सांग. मी लिहून घ्यायला बसले आहे.

तुझी,
ठकू


१० जून

प्रिय ठकू,

बढती म्हणालीस होय. मी शेजारी सगळ्यांना सांगून आले, भाची पडली म्हणून. आता परत जाऊन निस्तरते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एका माणसाला एक काम, आणि त्याने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही. माझ्या थिएटरमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायची. सर्जन हात पुढे करायचे आणि हवी ती कात्री हातात असायची. कुणी कुणाला "हे असं का" म्हणून विचारत नसे. बाहेरच्या हॉस्पिटलची माणसं बघायला यायची आणि म्हणायची, सिस्टरबाई, एवढी शांतता कशी काय. मी म्हणायचे, सवय.

तेव्हा एक पाटी लाव. रोज कुणाचं किती काम झालं, ते भिंतीवर दिसू दे. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी सगळ्यांना उभं करून हिशेब विचार, आणि वेळ म्हणजे वेळ. पहिले पंधरा दिवस तोंडं वाकडी होतील. होऊ देत. तू त्यांची लाडकी व्हायला गेली नाहीस.

तुझा बाप म्हणतो, मी तुला हुकूमशहा करून ठेवणार. मी त्याला इथल्या इथे सुनावलं, लहानपणी त्याची पुस्तकं मीच आवरत होते, म्हणून तो पास झाला.

तुझी,
आत्या


१ जुलै

प्रिय आत्या,

पाटी लावली. निळ्या अक्षरांत, माझ्याच हातची. "आपल्या टेबलाचं काम आपण करावं. दुसऱ्याच्या टेबलाशी थांबू नये, बोलू नये." खाली माझी सही. भिंतीवर तक्ता लावला, पाय पुढे गेला की बरोबरची खूण. शनिवारी अकराला सगळे माझ्या खोलीत.

पहिल्या शनिवारी काका सव्वाअकराला आले, हात प्लास्टरने माखलेले. मी घड्याळाकडे बघितलं. दुसऱ्या शनिवारी हात धुऊन अकराला पाच कमी असताना हजर. तू म्हणालीस तसंच झालं. तोंडं वाकडी झाली आणि मग सरळही झाली. आता कार्यशाळेत फक्त कानस आणि शिलाई मशीन ऐकू येतं. महिन्यात अकरा पाय पुढे गेले, पूर्वी आठ जायचे. मोठे साहेब तक्ता बघून म्हणाले, "वा." ते सहसा एवढं बोलत नाहीत.

एकच कुरबूर. पट्टेवाली मधे एकदा भट्टीवाल्याच्या खोलीत जाऊन काहीतरी दाखवत होती. मी म्हणाले, "ताई, तुमचं काम पट्ट्यांचं." त्या "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या. तेव्हापासून जरा फुगून आहेत. चहाचा कप घेऊन आपल्या खोलीत जातात. होईल ठीक.

या महिन्यात एक रंगारी आलाय. घरांना रंग देणारा. परांचीवरून पडून गुडघ्याखाली पाय गेला. मी माप घेत होते तेव्हा वर बघत म्हणाला, "तुमच्या छताला ओल आलीय. पाय झाला की मी देतो रंगवून." त्याला शिडी चढायची आहे. मी म्हणाले, आधी जमिनीवर चाला. तो म्हणाला, "जमिनीवर मला काम नाही." त्याचा पाय लवकर व्हावा असं सगळ्यांनाच वाटतंय. निदान मला तरी.

तुझे आभार कसे मानू? तुझी शांतता माझ्याकडे आली.

ठकू


१२ ऑगस्ट

ठकू,

सहा आठवडे पत्र नाही. तुझ्या बापाला विचारलं तर तो चष्मा पुसत बसला. तो चष्मा पुसायला लागला की मला कळतं. शेवटी म्हणाला, "तिच्याकडे कुणीतरी पडलं." या वेळी मी नीट ऐकलं, दोनदा विचारून घेतलं.

काय झालं ते लिही. चांगलं झालं असतं तर तू केव्हाच लिहिलं असतंस.

आत्या


१७ ऑगस्ट

प्रिय आत्या,

रंगारी पडला. पायऱ्यांवरून. दुसरी पायरी चढताना नळीखालचं पाऊल गर्रकन फिरलं आणि तो उजव्या हातावर आला. मनगट मोडलं. रंगाऱ्याचं उजवं मनगट. आवाज मी माझ्या खोलीत ऐकला.

कारण सरळ आहे. सरळ चालून बघताना पावलाचा बोल्ट हलकाच आवळलेला असतो, कारण पाऊल थोडं आत-बाहेर करावं लागतं. ते जमलं की बोल्ट पक्का आवळायचा आणि त्याच्या डोक्यावरून लाल रंगाची रेघ ओढायची. रेघ असली की पक्कं झालं. या पायावर रेघ नव्हती. बोल्ट भट्टीवाल्याने आवळायचा असतो. त्याने आवळला नाही.

मी सगळ्यांना बोलावून विचारलं. भट्टीवाला मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही, म्हणजे कबूलच. मास्तरीण रडत होती. म्हणाली, मीही रेघ बघायला हवी होती, पण तक्त्यावर खूण होती. काका खिडकीबाहेर बघत होते. आणि मग पट्टेवाली शांतपणे म्हणाली, "मला दिसलं होतं. रेघ नव्हती."

आत्या, माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "दिसलं होतं तर बोलला का नाहीत?"

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

मला वाटतं, त्यांनी जुना राग काढला. मी एकदा काय बोलले, तो डूख धरून बसल्या. माणूस पडेपर्यंत गप्प बसायचं म्हणजे काय?

मोठ्या साहेबांना पुढच्या सोमवारी अहवाल द्यायचा आहे. कुणाची चूक, ते नाव लिहायचं आहे. भट्टीवाल्याला बहुतेक भांडारात पाठवतील, खोकी मोजायला. चौदा वर्षं भट्टीवर आहे तो. मला वाईट वाटतंय, पण नियम तो नियम. तू असतीस तरी हेच केलं असतंस, हो ना?

ठकू


२० ऑगस्ट

प्रिय ठकू,

तुझं पत्र सकाळी आलं. मी दुपारी जेवले नाही. लगेच लिहायला बसले आहे, कारण सोमवारच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. तुझा बाप स्वतः टपालात टाकायला जातोय.

हो, मी असते तरी हेच केलं असतं. केलंही होतं. ते तुला सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी टाळलं.

थिएटरमध्ये माझ्या हाताखाली एक मुलगी होती. आवाज इतका बारीक की आम्ही तिला चिमणी म्हणायचो. ऑपरेशन संपलं की पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायचे असतात. जेवढे आत गेले, तेवढे बाहेर यायला हवेत. त्या दिवशी मी मोजले आणि "बरोबर" म्हणाले. चिमणी म्हणाली, "बाई, एकदा परत मोजू का?" मी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, ठकू. बोललेही नाही. माझं ते बघणं सगळ्यांना माहीत होतं. ती गप्प झाली. सर्जननी पोट शिवलं.

तीन आठवड्यांनी त्या पेशंटबाईंचं पोट परत उघडावं लागलं. एक तुकडा आत होता. बाई वाचल्या, घरी गेल्या. चौकशी झाली. मोजणीच्या कागदावर दोघींच्या सह्या होत्या. मी सांगितलं, चिमणीचं लक्ष नव्हतं. तिने मान खाली घातली आणि एक शब्द बोलली नाही. म्हणजे कबूलच, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. तिला दुसरीकडे पाठवलं.

त्यानंतर माझं थिएटर आणखी शांत झालं. लोक कौतुक करायचे ती हीच शांतता. मला ती शिस्त वाटायची. त्या खोलीत माझ्याशी बोलायला सगळे घाबरत होते, एवढंच ते होतं. आणि तेच मी तुला पत्रातून पाठवलं, पाटी लाव म्हणून.

पट्टेवालीने डूख धरलेला नाही. तिने तुझी पाटी पाळली.

आणि एक विचारते. तुझ्या पत्रात सगळे कुठे होते ते आहे. काका खिडकीशी, मास्तरीण रडत, भट्टीवाला मान खाली घालून. तो बोल्ट आवळायचा राहिला तेव्हा तू कुठे होतीस, ते त्यात नाही. तुला मी लहानपणापासून ओळखते. तू जे लिहीत नाहीस, ते मला आधी दिसतं.

अहवाल लिहायच्या आधी त्या माणसाला विचार, काय झालं होतं. आणि तो बोलेपर्यंत थांब. मी थांबले नव्हते.

आत्या


९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी भट्टीवाल्याच्या घरी गेले. तो अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होता. मला बघून उठायला लागला. मी म्हणाले, बसा, आणि मीही पायरीवर बसले. विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं. तो साखळी फिरवत राहिला. मी थांबले. अवघड असतं गं ते.

मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही तिथेच होतात. मला वाटलं, तुम्हाला आठवत असेल."

मला आठवत होतं, आत्या. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. तो शनिवार होता. अकराला दोन मिनिटं कमी होती आणि त्याच्या हातात पाना होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "हातातलं ठेवा आणि चला, अकरा म्हणजे अकरा." तो म्हणाला, "एवढा बोल्ट..." मी म्हणाले, "नंतर." आणि तो बाहेर पडल्यावर टेबलावरचा तो पाय मी स्वतः उचलून खिडकीतून पुढे ढकलला आणि तक्त्यावर खूण केली, कारण महिन्याचा बारावा पाय होता तो. तो परत आला तेव्हा पाय टेबलावर नव्हता. त्याला वाटलं, मी बघितलं असेल. हे मी तुला लिहिलं नाही. मोठ्या साहेबांनाही सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे स्वतःलाही सांगत नव्हते.

मी विचारलं, "सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?" तो म्हणाला, "तुम्ही नव्या आहात. म्हटलं, जाऊ दे." चौदा वर्षांची भट्टी तो "जाऊ दे" म्हणत सोडून द्यायला निघाला होता.

अहवालात मी माझं नाव लिहिलं. मोठे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "असं कुणी लिहीत नाही." मी म्हणाले, माहीत आहे. मला लेखी समज मिळाली आणि प्रमुखपद सहा महिन्यांसाठी तात्पुरतं केलं. भट्टीवाला भट्टीवर आहे.

दुसऱ्या दिवशी चौघांना बोलावलं. अकराला नाही. ज्याचं हातातलं झालं तो आला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. पट्टेवालीला म्हणाले, "ताई, मी तुम्हाला गप्प केलं आणि मग गप्प बसलात म्हणून रागावले." त्या म्हणाल्या, "मीही बोलायला हवं होतं. पाटीपेक्षा माणूस मोठा." मग म्हणाल्या, "तेव्हा भट्टीवाल्याला मी दाखवत होते ती खोबणीची कड होती. पट्टा तिच्यावर घासून तुटतो. ते अजून तसंच आहे." भट्टीवाला म्हणाला, "मग सांगायचं ना." आणि स्वतःच हसला. सगळेच हसलो. त्या दिवशी पाटी मी काढली नाही. मास्तरणीने काढली, स्टुलावर चढून.

आता एक ठरलंय. पायाला हात लावणारं कुणीही, कधीही, "थांबा" म्हणू शकतं. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. थांबा म्हटलं की सगळ्यांनी हातातलं ठेवायचं. मीसुद्धा.

आणि एक गंमत ऐक. आम्ही म्हटलं, निदान एकदा सगळ्यांनी चालण्याची खोली बघू या. काका आले. दारात उभे राहिले, प्लास्टरचे हात पाठीमागे धरून. एक शाळामास्तर दांडे धरून चालत होते, प्रत्येक पावलाला तोंड कसनुसं करत. तेव्हा कळलं, काकांनी एकोणीस वर्षांत आपल्या साच्यावरच्या पायाने चालताना कुणाला बघितलंच नव्हतं. कुणी बोलावलं नाही आणि ते आले नाहीत.

मास्तरणीने पर्समधून लिपस्टिक काढली. मास्तरांच्या पायाला दुखतं त्या जागी ठिपका दिला आणि खोबणीत पाय घालायला लावला. बाहेर काढल्यावर आत लाल डाग उमटला होता. ती म्हणाली, "मी प्रत्येकाचं असंच बघते. पण सांगणार कुणाला?" काका डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इथे मी साचा दर वेळी जास्त घासतो, म्हणून खोबण लहान होते. मला वाटायचं, घट्ट बसलेलं बरं." ते परत गेले आणि दुपारभर त्यांच्या खोलीतून कानशीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशांनी नवी लिपस्टिक घेऊन आले. दुकानात काय सांगितलं, ते विचारलं तर लाजतात.

रंगाऱ्याकडेही जाऊन आले. बहिणीकडे राहतो. डाव्या हाताने खिडकीची चौकट रंगवत बसला होता, बहीण मागून पुसत होती. मी माझी चूक सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "राग आलाय मला. पण पाय तुमच्याचकडे करायचाय. दुसरीकडे गेलो तर परत सगळं पहिल्यापासून." मी म्हणाले, राग असू द्या. बहिणीने चहा दिला. तो शेवटपर्यंत हसला नाही. मला ते बरंच वाटलं, उगाच हसला असता तर मी घरी जाऊन रडले असते.

तुझी,
ठकू


२८ सप्टेंबर

प्रिय ठकू,

तू भट्टीवाल्याच्या पायरीवर बसलीस ते वाचलं आणि मी तुझ्या बापाला म्हटलं, बसची तिकिटं काढ.

चिमणीचा पत्ता काढायला आठवडा गेला. ती आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. केस पांढरे, अंगाने जाड झालीय. मी तिला ओळखलं नाही, तिने मला लांबूनच ओळखलं आणि उभी राहिली, जशी तेव्हा राहायची. मी म्हणाले, बस. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसलो. मी इतकी वर्षं मनात तयार केलेलं वाक्य हळू आवाजात म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मोठ्याने बोला. मलाही आता कमी ऐकू येतं."

मग काय, मी ओरडून माफी मागितली. "त्या दिवशी चूक माझी होती. तू बरोबर होतीस." वर्गातल्या मुली बाहेर येऊन बघायला लागल्या. तुझा बाप भिंतीकडे तोंड करून उभा.

चिमणी बराच वेळ माझा हात धरून बसली. म्हणाली, "मला वर्षानुवर्षं वाटायचं, मी जरा मोठ्याने विचारलं असतं तर." मग म्हणाली, ती मुलींना मोजणी मोठ्याने करायला लावते. दोघींनी, एकीने नाही. आणि कुणी "परत मोजू का" म्हटलं तर दुसरीने "मोज" एवढंच म्हणायचं, बघायचं नाही.

मला वर्गात नेलं. मी मागच्या बाकावर बसून मुलींची मोजणी ऐकली. तो गलबला मलाही ऐकू आला.

परत येताना बसमध्ये भूक लागली. बऱ्याच दिवसांनी अशी लागली.

आत्या


२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

काल रंगाऱ्याचा पाय झाला. मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. हात अजून थोडा आखडतो, पण ब्रश धरता येतो. गेल्या दोन महिन्यांत चौदा पाय गेले आणि एकच परत आला. तो का आला, यावर काका आणि भट्टीवाला तीन दिवस भांडत होते. भांडत होते म्हणजे एकाच टेबलाशी, एकाच साच्यावर वाकून. मी मधे पडले नाही.

कालचं सांगते. पायऱ्यांची खोली. रंगारी खुर्चीत बसलेला, पाय घातलेला. आम्ही पाचही जण तिथे. बोल्टवर लाल रेघ होती, मी वाकून बघितली, भट्टीवाल्याने बघितली, मास्तरणीने बघितली. रंगारी खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागला. तेवढ्यात पट्टेवाली म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले. रंगारी खुर्चीत परत बसला.

मी विचारलं, "काय झालं, ताई?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. काहीतरी वाजलं." भट्टीवाल्याने खाली बसून पाय उतरवला. बोल्ट तपासला, नळी तपासली. काकांनी खोबणीत हात फिरवला. मास्तरणीने पाऊल उलटंसुलटं करून बघितलं. मी पट्ट्यांचे टाके मोजले. अर्धा तास गेला. काहीच निघालं नाही. पाय धडधाकट होता. शेवटी मास्तरणीने खुर्ची हलवली आणि कर्रर्र वाजलं. खुर्चीचा पाय ढिला होता.

पट्टेवालीचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "उगाच सगळ्यांचा वेळ घालवला." मी काही बोलणार, त्याच्या आधीच काका म्हणाले, "उगाच कसला? अर्धा तास बघितलं आणि सगळं बरोबर निघालं. आता माझी तर झोप पक्की." भट्टीवाला पाना घेऊन खुर्चीचाच स्क्रू आवळायला बसला होता. मला कुणी विचारलं नाही, काय करायचं ते. मी तिथे नसते तरी चाललं असतं. आत्या, हे लिहिताना मला किती बरं वाटतंय, ते तुलाच कळेल.

पाय परत घातला. रंगाऱ्याने पट्टा आवळला आणि आमच्याकडे एकेक करून बघितलं. पडला त्या दिवसापासून तो माझ्याशी मोजकंच बोलायचा. काल म्हणाला, "अजून कुणाला थांबा म्हणायचं असेल तर म्हणून घ्या. मला घाई नाही."

कुणी काही म्हटलं नाही. तो उठला आणि पायऱ्या चढला. वर पोहोचल्यावर कठड्याला धरून उभा राहिला, मान वर करून छत बघितलं आणि म्हणाला, "ओल वाढलीय. सोमवारी शिडी घेऊन येतो. ती धरायला मात्र पाचही जण लागतील."

तुझी,
ठकू